सीटच्या कापडावरची पायवाट

माझ्या आत्याला गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. बस फाटकातून बाहेर पडून पहिल्या वळणाला लागली की आत्या पांढरीफटक, आणि दुसऱ्या वळणाला हातातली पिशवी थेट तोंडाशी. आणि हीच आत्या जन्मभर बसच्या सीटांच्या कापडाची नक्षी काढत राहिली. घरात हा आमचा कायमचा थट्टेचा विषय होता. बाबा म्हणायचे, "हिची नक्षी गावोगाव हिंडते आणि ही गावाच्या वेशीपलीकडे पाऊल टाकत नाही."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते आणि माझी बहीण अजून बोबडं बोलत होती. आत्या थोडे दिवस म्हणून राहायला आली ती राहिलीच. मला ती थोरली म्हणायची, बहिणीला धाकटी, आणि पुढे सगळ्यांच्या तोंडी तीच नावं बसली. आत्याने लग्न का केलं नाही, हे विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती. धाकटीने एकदा विचारलं होतं. आत्या म्हणाली, "वेळ झाला नाही," आणि हे अशा सुरात, की जणू छत्री दुरुस्तीला टाकायचीच राहून गेली होती.

आम्ही बाबांच्या दुकानाच्या वर राहायचो. बाबा चष्मे करायचे. खाली काचा घासायच्या चाकाची घरघर, वर आमच्या दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर. त्या दोन खोल्यांत आत्याने काय काय केलं ते सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. ती आधी नुसती बघायची. कोण कुठून उठतं, कुठे जातं, कशाला अडखळतं, टॉवेल शोधायला ओल्या पायांनी कुठवर जातं. आठवडाभर काही बोलायची नाही. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी पदर-बिदर न खोचता, बाह्या सारून, एकटीच कपाट ढकलायला लागायची.

एकदा बाबा संध्याकाळी दुकान बंद करून वर आले, दिवा न लावताच नेहमीच्या जागी अंग टाकलं, आणि खुर्ची तिथे नव्हतीच.

"अगं, निदान सांगत तरी जा!" बाबा जमिनीवरूनच ओरडले.

"दादा, तू रोज त्या खुर्चीला वळसा घालून खिडकी उघडायला जायचास. आता सरळ जाशील."

"सरळ जाईन, पण आधी उठू तर दे!"

आत्या स्वतः मात्र नेहमी एकरंगी कपडे घालायची. राखाडी, गडद निळा, फार तर विटकरी. "दिवसभर डोळ्यांत नक्षीच असते," म्हणायची, "अंगावरचं कापड तरी गप्प असू दे." शेजारच्या बायका नवीन कपडे घ्यायच्या आधी तिला विचारायला यायच्या. रंग कुठला घेऊ, गळा कसा शिवू. आत्या एकच उलटा प्रश्न करायची: "हे घालून तू काय करणार आहेस?" कुणी म्हणायची, लग्नाला जाणार आहे. "तिथे काय करणार? बसणार, की पाहुण्यांच्या मागे धावणार?" मग तिच्या उत्तरावरून बाहीची लांबी ठरायची. खिशांवर तर आत्याचा फारच जीव. "बाईच्या कपड्याला खिसा नसेल तर तिने हात कुठे ठेवायचे? कमरेवर? मग लोक म्हणतात भांडकुदळ."

तिची गिरणी गावाच्या दुसऱ्या टोकाला. आत्या रोज चालत जायची, ऊन असो पाऊस असो. वरच्या मजल्यावर नक्षीखातं होतं. उत्तरेकडे मोठाल्या खिडक्या, उंच टेबलं, रंगांच्या वाट्या आणि बारीक चौकटींचे कागद. त्या कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे कापडावरचा एकेक टाका. कित्येक वर्षं त्या खात्यात ती एकटीच बाई होती. खात्याचे प्रमुख होते मास्तर. उंच, किंचित वाकलेले, कानामागे पेन्सिल आणि तोंडात दुसरी पेन्सिल. बोलायचे कमी, पण बोलले की अंगावर आल्यासारखे बोलायचे.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. बस कंपनीने लांब पल्ल्याच्या नव्या गाड्या घेतल्या आणि सीटच्या कापडाचं काम गिरणीकडे आलं. मास्तरांनी खात्यातल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं, "मळ दिसता कामा नये. डोळ्यांना खुपता कामा नये. आणि लहान पोराने काही सांडलं तर तेसुद्धा नक्षीतलंच वाटलं पाहिजे. ज्याचं चांगलं होईल त्याचं घेऊ."

बाकीच्यांनी जुने नमुने काढले आणि कामाला लागले. आत्या मात्र घरी येऊन मला म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर आगारात चल. मला धरायला कुणीतरी हवं."

आगारात ती आधी एका उभ्या गाडीत बसली. पुढच्या सीटच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. मग उतरून म्हणाली, "आता चालत्या गाडीत."

"आत्या, वेड लागलंय का तुला?"

"ज्याला गाडी लागते त्याचे डोळे कुठे असतात, ते मला बघायचंय. दुसऱ्याला विचारून कसं कळेल?"

आम्ही गावाला चक्कर मारणाऱ्या बसमध्ये चढलो. समोरच्या सीटवर उभे पट्टे होते. रस्त्यातल्या खड्ड्यांबरोबर ते पट्टे थरथरायचे, जवळ यायचे, लांब जायचे. बाजारपेठेच्या वळणावर आत्याचं जे व्हायचं ते झालं. मी तिची पाठ चोळत होते, लोक खिडक्या उघडत होते, आणि आत्या तोंड पुसत म्हणाली, "उभे पट्टे नकोत."

चार दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी चौकड्यांच्या कापडाची गाडी शोधून काढली होती तिने. उतरल्यावर फुटपाथच्या कठड्यावर बसून, घामाने भिजलेली, हिरवट चेहऱ्याची आत्या जवळजवळ हसत होती. "चौकड्याही नकोत," म्हणाली. "सरळ काहीच नको, थोरले. डोळा सरळ रेघेला धरून बसतो आणि रेघ हलली की पोट हलतं."

मग तिने जी नक्षी काढली ती अशी: जमीन गडद निळी, जवळजवळ काळी. तिच्यावर बोटाच्या पेराएवढी पानं. विटकरी, राखाडी, आणि मधूनच एखादं मोहरीच्या रंगाचं. दोन पानांची तोंडं एकाच दिशेला नाहीत. सकाळी झाडायच्या आधी अंगण जसं दिसतं तसं. डोळा कुठेही ठेवावा, तो तिथून हळूच सटकून दुसरीकडे जायचा.

निवडीच्या दिवशी बस कंपनीचे साहेब आले होते. प्रत्येकाची आवड वेगळी. एकाला दुसऱ्याचं पसंत नाही, दुसऱ्याला तिसऱ्याचं. आत्याची पानं कुणालाच फार आवडली नव्हती, पण कुणालाच खटकलीही नव्हती. जेवायची वेळ टळून चालली होती. शेवटी भुकेपोटी सगळ्यांचं पानांवर एकमत झालं. आत्या घरी आली आणि हे सगळं जसंच्या तसं सांगून म्हणाली, "भूक लागल्याशिवाय माणसं शहाणी होत नाहीत."

पहिली नवी गाडी निघाली तेव्हा गिरणीतल्या सगळ्यांना आगारात बोलावलं होतं. पण त्याच दिवशी धाकटीच्या अंगावर कांजिण्या उठल्या आणि आत्या घरीच राहिली. नंतर बघू म्हणता म्हणता राहून गेलं. आगार गावाच्या कडेला, त्यामुळे त्या गाड्या गावात शिरायच्याच नाहीत, बाहेरच्या रस्त्यानेच जायच्या. गिरणीजवळ त्या रस्त्याच्या चौकात कधी एखादी थांबलेली दिसायची. खिडकीच्या काचेतून सीटांच्या वरच्या कडा तेवढ्या दिसायच्या. आत्या क्षणभर बघायची आणि पुढे चालू लागायची.

माझं लग्न झालं ते लांबच्या शहरात. सकाळी निघालं तर संध्याकाळी पोहोचायचं, एवढं लांब. नवरा जमीन मोजणीच्या कामावर, निम्मा महिना बाहेरगावी. मी माहेरी जाता-येता आत्याच्याच पानांवर बसून प्रवास करायचे. दरवेळी निघताना म्हणायचे, "आत्या, चल ना." आणि दरवेळी ती म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." बाबा एकटेच येऊन जायचे. आत्याने माझं घर पाहिलंच नव्हतं, पण फोनवर मात्र विचारत राहायची: शेगडी खिडकीच्या कुठल्या बाजूला आहे? दार आत उघडतं की बाहेर?

मला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता बाळंतपण होईपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही. सासूबाई मोठ्या दिरांकडे होत्या, त्यांचं स्वतःचंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. नवऱ्याने घरी फोन लावून माझ्या हातात दिला. मी आत्याला सांगत गेले आणि सांगता सांगता रडायला लागले.

आत्या म्हणाली, "उद्या निघते. गिरणीत रजा साठलीच आहे."

मी रडायची थांबले. "आत्या, बसने?"

"मग काय पोहत येऊ?"

त्या प्रवासाची गोष्ट बाबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की मीच त्या गाडीत होते असं वाटतं. तिकिटं ऐनवेळी काढल्यामुळे जागा मिळाली ती अगदी शेवटच्या रांगेत, जिथे सगळ्यात जास्त हादरे बसतात. आत्याने एका हातात लिंबू धरलं होतं, दुसऱ्या हातात पिशवी, आणि डोळे गच्च मिटले होते. गाडी आगारातून निघाली. पहिलं वळण आलं. आत्याने डोळे उघडले आणि बाबांचं मनगट घट्ट धरलं.

"मला वाटलं, झालं आता," बाबा सांगायचे. "मी पिशवी पुढे केली. तर ही म्हणते, दादा, ओळ पडलीय!"

"कसली ओळ?"

"ती बघ. पुढच्या उजव्या सीटपासून. खाली, मग अजून खाली. बघ, बघ, थेट आपल्यापर्यंत आलीय."

बाबा चष्मा पुसून बघू लागले. शेवटची रांग थोडी उंचावर होती, त्यामुळे पुढच्या सगळ्या सीटांच्या पाठी एकाखाली एक दिसत होत्या. आणि त्यांच्यावरून मोहरीच्या रंगाच्या पानांची एक तिरकी ओळ गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

झालं होतं ते असं. नक्षी काढायची म्हणजे एक मोठा चौकोन काढायचा. मग कापडावर तोच चौकोन खाली-वर, डावीकडे-उजवीकडे पुन्हा पुन्हा येत राहतो. आत्याच्या चौकोनात वरच्या कोपऱ्यात एक मोहरी पान होतं आणि खालच्या समोरच्या कोपऱ्यात दुसरं. एका चौकोनात ती एकमेकांपासून लांब. पण चौकोनाला चौकोन जुळला की दोघांची टोकं जवळजवळ चिकटायची. गिरणीतल्या टेबलावर हातभर कापड पसरून बघितलं तर हे कळत नाही. गाडीभर सीटा एकाच तुकड्यातून, एकाच मापाने कापल्या की मात्र दिसतं. नक्षी काढणारे याला ओळ पडणं म्हणतात, आणि नवशिक्याला सगळ्यात आधी हेच टाळायला शिकवतात.

आत्याचा चेहरा लालबुंद झाला होता, पांढरा नव्हे. लिंबू कधीच सीटखाली घरंगळलं होतं. तिकिटं तपासत कंडक्टर मागे आला तेव्हा तिने त्यालाच धरलं.

"अहो, या सगळ्याच गाड्यांत असं आहे?"

"काय असं, मावशी?"

"ही तिरकी पिवळी ओळ."

"पायवाट होय!" कंडक्टर म्हणाला. "सगळ्या गाड्यांत आहे की. आम्ही या गाड्यांना पायवाटच म्हणतो. लोकसुद्धा येऊन विचारतात, पायवाट किती वाजता सुटते? नव्या आल्यात त्यांना नाही ती. त्यांत माझी पंचाईत होते बघा. इथे कसं, पुढे उभं राहून नजर टाकली की जिथे ओळ तुटली तिथे माणूस बसलेला. मोजायला सोपं."

बाबांना राहवलं नाही. "हिनेच काढलीय ती नक्षी! माझी बहीण आहे."

कंडक्टरने आत्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय सांगता! मावशी, झकास पायवाट काढलीत."

"मी नाही काढली," आत्या म्हणाली. "ती पडली."

कंडक्टरला काही कळलं नाही. तो हसून पुढे गेला. आत्याने उरलेला सगळा रस्ता त्या ओळीकडे बघत काढला. डोंगरातल्या वळणांवर एकदा पिशवी लागली, तीही घाईघाईने, काम आटोपावं तशी. तोंड पुसलं आणि पुन्हा समोर बघायला लागली.

संध्याकाळी दार उघडून दोघं आत आली. मी पलंगावर उशीला टेकून बसले होते. पाच वर्षांच्या संसारात आत्या पहिल्यांदा माझ्या घरात पाऊल टाकत होती. मला वाटलं, आता जवळ घेईल, डोक्यावरून हात फिरवेल. ती दारातूनच म्हणाली, "थोरले, त्या कापडात ओळ पडलीय. तू इतकी वर्षं ये-जा करतेस, तुला दिसली नाही?"

"दिसली की," मी म्हणाले. "मला वाटलं मुद्दाम काढलीस."

"मुद्दाम!" आत्या मटकन स्टुलावर बसली. बाबा हसता हसता भिंतीला टेकले. मग आत्याही हसली, आणि उठून माझ्याजवळ आली, आणि मी पुन्हा रडायला लागले. या वेळी कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी तिने माझं घर हातात घेतलं. पलंग भिंतीला समांतर होता तो खिडकीकडे वळवला. "पडून राहणाऱ्याला छत बघायला लावू नये," म्हणाली. दिव्याच्या बटणाला दोरी बांधून ती माझ्या उशीपर्यंत आणली. हाताशी येईल अशी फळी ठोकली; तिच्यावर पाणी, कंगवा, रेडिओ, आणि एक डबा ज्यात काय ठेवायचं ते मी ठरवायचं. आरसा कपाटावरून काढून अशा कोनात टांगला की मला पडल्या पडल्या बाहेरचं दार दिसावं. "घरात कोण येतंय जातंय ते कळलं पाहिजे. नाहीतर आजारी माणूस घरातला राहत नाही, खोलीतला होतो."

नवरा मोजणीच्या कामावरून आला तो पलंगाच्या कोपऱ्याला धडकला. गुडघा चोळत म्हणाला, "मी गावं मोजून येतो आणि घरी मला माझंच घर मोजावं लागतं." पण आठ-दहा दिवसांनी तोच सुतळी आणि खिळे घेऊन आत्याच्या हाताखाली काम करायला लागला.

त्या महिन्यांत आम्ही दोघी खूप बोललो. एका दुपारी ती माझ्या पायांना तेल लावत होती. मी म्हणाले, "आत्या, अजून ती ओळ डोक्यात आहे ना? अगं, लोकांना आवडते ती. नाव ठेवलंय त्यांनी तिला."

"लोकांना आवडली म्हणून ती माझी होत नाही."

"मग कुणाची?"

"कुणाची नाही. मी बघितलं नाही म्हणून पडली." तळव्यावरचा अंगठा थांबला. मग म्हणाली, "दिसते मात्र वाईट नाही. एवढंच म्हणेन."

मुलगी झाली. ती मान धरायला लागेपर्यंत आत्या राहिली, मग बाबा न्यायला आले आणि दोघं पायवाटेनेच परत गेली. आत्याने मुद्दाम शेवटची रांग मागून घेतली.

गावी पोहोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते मास्तरांकडे जाण्याचं. मास्तर केव्हाच निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मुलगा परदेशी, एकटेच राहायचे. आत्या त्यांना म्हणाली, "मास्तर, एक कबूल करायला आलेय. त्या बसच्या कापडात ओळ पडली होती."

मास्तरांनी तोंडातली पेन्सिल काढली. निवृत्त झाले तरी ती होतीच. म्हणाले, "माहीत आहे."

"म्हणजे?"

"पहिला तागा यंत्रावरून उतरला तेव्हाच मी तो जिन्यावरून खाली सोडून पाहिला होता. वरच्या पायरीवरून लख्ख दिसत होती."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू आठवडाभर ओकून ओकून काढलेली नक्षी. आणि खरं सांगायचं तर मला ती ओळ आवडली."

आत्या तशीच उठली. मास्तरांनी चहा गाळला होता, तो तसाच राहिला. घरी येऊन बाबांना म्हणाली, "पुन्हा त्या माणसाचं तोंड बघणार नाही." बाबा मला फोनवर म्हणाले, "इतक्या वर्षांत हिला कुणावर एवढी रागावलेली पाहिली नव्हती. काहीतरी बरं होणार आहे."

मास्तर पुढच्याच आठवड्यात चष्मा सैल झाला म्हणून बाबांच्या दुकानात आले. चष्म्याला काही झालं नव्हतं. बाबांनी उगाचच स्क्रू पिळला आणि म्हणाले, "वर चला, चहा घेऊ." आत्याने कप ठेवला, पण बोलली नाही. मास्तर खोलीभर नजर फिरवत होते. शेवटी म्हणाले, "ते कपाट खिडकीच्या प्रकाशात येतंय. एक वीत इकडे घ्यायला हवं."

"वीतभर घेतलं तर दार अर्धंच उघडेल," आत्या म्हणाली.

"मग दाराची बाजू बदला."

"बिजागऱ्या काढायला तुम्ही येणार?"

मास्तर दुसऱ्या दिवशी पेचकस घेऊन हजर.

त्यानंतर ही तिघं हिंडायला लागली. आत्या, बाबा आणि मास्तर. नकाशा पसरायचा, ज्या गावाला पायवाट अजून जाते असं गाव शोधायचं, आणि निघायचं. प्रसिद्ध ठिकाणी जायचीच नाहीत. कुठल्यातरी मधल्याच गावात उतरायची आणि दिवसभर बघत फिरायची. दारांच्या कड्या. जिन्याच्या कठड्याचं वळण, जिथे हजारो हातांनी लाकूड गुळगुळीत झालंय. स्टेशनवरचं बाक, ज्यावर पाठ टेकली की उठावंसं वाटत नाही. आत्या त्यावर बसून बघायची, मास्तर वाकून खालून बघायचे की जोड कसा दिलाय, आणि बाबा लांब उभे राहून बघायचे की या दोघांना कोण हसतंय. लॉजच्या खोलीत गेल्यावर आत्या आधी एकदा पलंगावर आडवी होऊन बघायची की डोळ्यांवर दिवा येतो का. आला तर ती आणि मास्तर मिळून पलंग सरकवायचे. एका ठिकाणी मालकीणबाई आवाज ऐकून धावत आल्या. आधी चिडल्या, मग बघत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "शेजारच्या खोलीतलाही बघता का?"

गाडी तिला लागायची ती लागायचीच. फक्त आता ती आणि मास्तर वळणं येण्याआधी भांडण काढायचे, म्हणजे वळणांकडे लक्ष राहत नाही. हा मास्तरांचा शोध. बाबा सांगायचे, निम्म्या वेळा उपयोग व्हायचा. उरलेल्या निम्म्या वेळा ती भांडणाच्या मध्येच पिशवी उचलायची आणि मास्तर आपला मुद्दा तिचं आटोपेपर्यंत धरून ठेवायचे. त्या दोघांचं नेमकं काय होतं, हे आम्ही विचारलं नाही. एकदा फक्त आत्या आपणहून म्हणाली, "त्यांच्याबरोबर बघितलं की दोन्ही बाजू दिसतात." मी मान डोलावली.

पायवाटेच्या गाड्या एकेक करून मोडीत गेल्या. शेवटची बंद झाली तेव्हा आत्याने आगारात जाऊन सीटच्या पाठीचा एक तुकडा मागून आणला, आणि कपाट ढकलताना सारायची तशा बाह्या सारून तो उसवला, धुतला आणि स्टुलाला लावला. त्या स्टुलावर जो बसेल त्याला ओळ दिसत नाही, कारण एवढ्याशा तुकड्यात ती मावतच नाही. मास्तर त्याच्यावर बसून म्हणाले होते, "आता निर्दोष आहे." आत्याने त्यांना मारायला हात उगारला होता.

मास्तर एका हिवाळ्यात गेले, झोपेतच. आत्या कुणापुढे रडली नाही. पण त्यानंतरचे कितीतरी महिने तिने घरातली एकही वस्तू हलवली नाही. बाबा मुद्दाम खुर्ची आडवी ठेवायचे, टेबल दारात सरकवायचे, तरी ती वळसा घालून जायची. "मला आत्ता सरळ जायचं नाही, दादा," एवढंच म्हणाली. पुढे एके दिवशी सकाळी बाबा उठले तर स्वयंपाकघरातून कपाट ओढल्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, मी तसाच पांघरूण घेऊन पडून राहिलो, उठून मदतीला गेलो असतो तर ती थांबली असती.

बाबा गेल्यावर दुकान आणि वरच्या खोल्या आम्ही एका जोडप्याला दिल्या आणि आत्या आमच्या इमारतीतच, दोन मजले खाली राहायला आली. आता ती म्हातारी झाली आहे, पण कान आणि नजर तिखट. माझी मुलगी शाळेतून आली की आधी तिच्याकडे जाते, मग वर. परवा पोरगी आत्याला म्हणाली, "आजी, माझ्या खोलीला पडदे करायचेत. तू सांग कसे करू. पण काळेच हवेत."

मी दारात उभी होते. म्हटलं, आता आत्या काहीतरी बोलणार. खोली आधीच अंधारी, त्यात काळे पडदे. पण आत्याने चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं.

"सगळे काळे?"

"सगळे."

"बरं. कुठला काळा?"

"म्हणजे? काळा म्हणजे काळा."

"छे! काजळाचा वेगळा, कोळशाचा वेगळा. पावसात भिजलेल्या डांबराचा वेगळा. एक काळा उन्हात हिरवा दिसतो, एक तपकिरी. सकाळी तुझ्या खोलीत ऊन येतं तेव्हा तुला कुठला हवा?"

पोरीने डोकं खाजवलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही."

"मग बघायला लागेल," आत्या म्हणाली आणि काठी शोधायला लागली.

दोघी कापडबाजारात गेल्या त्या दिवे लागायच्या वेळेला परत आल्या. पिशवीत बोटभर रुंदीचे काळे तुकडे होते, वेगवेगळ्या दुकानांतून मागून आणलेले. ते त्यांनी मुलीच्या खिडकीच्या गजांना एकेक करून बांधून ठेवले. अजून पडदे शिवलेले नाहीत. रोज सकाळी पोरगी उठून आधी ते तुकडे बघते, आणि शाळेत जाता जाता खाली थांबून आत्याला सांगते की आज कुठला बरा वाटला.